रोख्याचे साचलेले व्याज : हिशेब आपल्या हाती ठेवा

कापडाचा तागा मोजताना आपण वीतभर चूक चालू देत नाही. कागदावरचा आकडा मात्र दुसऱ्याने लिहून दिला की मान्य करतो. रोखे घ्यावेत की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. परंतु वारशात आलेला रोखा विकताना मुद्दल किती व व्याज किती, हे वेगळे कळलेच पाहिजे. व्याज बाजूला काढणाऱ्यास तर त्याची फारच गरज.

समजा, १ लाखाचा, ७ टक्क्यांचा सरकारी रोखा आहे. व्याजाचे हप्ते १ जानेवारी व १ जुलैला. तो १६ मार्च २०२३ रोजी विकला. मागील हप्त्यापासून साचलेले व्याज खरेदीदार भावाशिवाय वेगळे देतो. आपल्याकडे सरकारी रोख्यांत महिना ३० दिवसांचा व वर्ष ३६० दिवसांचे धरतात. म्हणजे दिवस ७५ आणि व्याज १,४५८ रुपये ३३ पैसे. कॅलेंडरचे ७४ दिवस व ३६५ चे वर्ष धरले, तर १,४१९ रुपये १८ पैसे.

हा हिशेब एक्सेलमधील 'अ‍ॅक्रइंट' हे सूत्र करते. मॅक्रोच्या कोडमध्ये ते 'वर्कशीटफंक्शन'मार्फत बोलावता येते. त्याला क्रमाने द्यायचे ते असे : रोखा निघाल्याची तारीख, पहिल्या हप्त्याची तारीख, व्यवहाराची तारीख, दर, दर्शनी किंमत, वर्षातील हप्ते (येथे २) आणि दिवस मोजण्याची पद्धत. पद्धतीच्या जागी ४ लिहिल्यास ३०/३६० ची युरोपीय पद्धत लागते. काहीच न लिहिल्यास अमेरिकन पद्धत धरली जाते.

माझ्या पुतण्याने कोड लिहिला, तेव्हा उत्तर आले २२,४५८ रुपये! त्याने रोखा निघाल्याची खरी तारीख, १ जानेवारी २०२०, घातली होती. सूत्राने मिळून गेलेले तीन वर्षांचे हप्तेही मोजले. म्हणून जुन्या रोख्यासाठी त्या जागी मागील हप्त्याची तारीख आणि पहिल्या हप्त्याच्या जागी पुढील हप्त्याची तारीख घालावी.

दुसरा खड्डा तारखेचा. कोडमध्ये दोन # चिन्हांच्या मध्ये ३/४/२०२३ लिहिले, तर ते ३ एप्रिल नव्हे, ४ मार्च होते. 'डेटसिरियल' वापरून वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे द्यावेत.

यंत्र हिशेब चुकत नाही, सांगणारा चुकतो. तेव्हा एकदा कागदावर ७५ दिवस मोजून पाहा, मगच सही करा.