कंटेनरची उतरंड

जुन्या घरांतून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. ती लावताना घरची कर्ती बाई दोन गोष्टी पाही: कोणती वस्तू केव्हा लागेल, आणि तळचे मडके किती भार सोसेल. आज आपल्याला बोलायचे आहे ते कंटेनर साठवण्याच्या आवाराच्या आखणीविषयी. पण या विषयाचे बरेचसे मर्म त्या दोन प्रश्नांतच सापडते.

कंटेनर म्हणजे ठरावीक मापाचा पोलादी डबा. लहान २० फूट लांब, मोठा ४० फूट. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ डबे नेवार्कहून ह्यूस्टनला नेले आणि मालवाहतुकीची रीतच पालटली. आपल्याकडे कंटेनर कॉर्पोरेशनची स्थापना १९८८ साली झाली. नागपूरला समुद्र नाही. पण मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग इथे भेटतात. म्हणून इथे ‘कोरडे बंदर’ झाले; आधी अजनीला, आणि पुढे मिहानमध्ये. विदर्भातला माल इथेच तपासला जातो, डब्याला सील लागते, आणि गाडी तो सुमारे आठशे किलोमीटरांवरच्या न्हावाशेवा बंदराकडे नेते.

आता अशा आवाराला जागा किती लागेल? सामान्य माणूस विचारील, रोज डबे किती येतात? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा असा, की आलेला डबा राहतो किती दिवस? समजा, रोज एक गाडी ९० लहान डबे आणते. प्रत्येक डबा ५ दिवस राहिला, तर आवारात एका वेळी ४५० डबे असतील. तोच १० दिवस रेंगाळला, तर ९००! गाडी एकही वाढली नाही, जागा मात्र दुप्पट लागली. शिवाय गाड्या काही घड्याळ लावून येत नाहीत. एखादे दिवशी दोन येतात, एखादे दिवशी एकही नाही. तेव्हा सरासरीवर थोडी मोकळी जागा राखावीच लागते.

कुणी म्हणेल, मग उंच रचा की! इथेच उतरंड आठवावी. चार डब्यांच्या थरातला तळचा हवा असेल, तर वरचे तीन आधी हलवायला हवेत. कोणता डबा केव्हा लागेल हे ठाऊक नसेल, तर तीनांच्या थरात सरासरी एक आणि पाचांच्या थरात सरासरी दोन डबे उगाच उचलावे लागतात. प्रत्येक उचलीला यंत्र, इंधन आणि वेळ लागतो. एखाद्या लहान गिरणीचा सुताचा डबा असा तळाशी अडकला आणि गाडी चुकली, तर जहाज काही थांबत नाही. आणि माल पोचला नाही, तर पैसाही येत नाही. म्हणून ज्याची गाडी आधी, तो डबा वर. आणि रिकामे डबे भरलेल्यांपासून वेगळे, हा साधा नियम.

दुसरा प्रश्न भाराचा. भरलेला डबा सुमारे ३० टनांपर्यंत जातो. चार रचले की १२० टन, आणि हे सारे ओझे चार कोपऱ्यांवर, वीतभरही रुंद नसलेल्या पायांवर. त्यातून खाली आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते काँक्रीट ओतले, तर दोन पावसाळ्यांत फरशी उखडायची. ती माती काढून मुरुमाची भर नीट दाबावी लागते, पाण्याला उतार द्यावा लागतो, आणि मग फरशी. डबे उचलणारे रीच स्टॅकर हे यंत्र रिकामेच सुमारे ७० टनांचे असते. त्याला वळायला प्रशस्त वाटाही सोडाव्या लागतात. कागदावर त्या वाया गेलेल्या जागेसारख्या दिसतात. पण त्याच चोरल्या, तर काम खोळंबते आणि माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

तिसरी गरज विजेची. आपली संत्री सहा-सात अंशांच्या गारव्यात टिकतात, आणि बाहेर मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. शीतकंटेनर आला की त्याला अखंड वीज हवी, आणि ती गेली तर जनित्र तयार हवे. एका दुपारचा खंड शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत नासवू शकतो.

तेव्हा जमीन, फरशी, यंत्रे आणि वीज या चारही गोष्टींचा हिशेब आधी मांडावा; पण सुरुवात दिवसांपासून करावी. व्यापाऱ्याने कागद वेळेवर दिले, तपासणी लवकर झाली आणि डबा एक दिवस जरी आधी हलला, तरी तेवढी जमीन विनामूल्य मिळाल्यासारखीच आहे. वर्धा मार्गावर कंटेनर लादलेला ट्रक दिसला, तर हा हिशेब जरूर आठवा. आत माल कुणाचाही असो, त्याचे घड्याळ चालू असते.