आधी शिजलेले, मग वाळलेले

सह्याद्रीतल्या दोन-तीन दिवसांच्या भटकंतीसाठी किंवा हिमालयातल्या आठवडाभराच्या ट्रेकसाठी सॅक भरताना शिध्याचा विचार बहुधा वजनापासून सुरू होतो, आणि ते रास्तच आहे. शिजलेल्या भातात जवळपास ७० टक्के पाणी असते; १०० ग्रॅम भातातून जेमतेम १३० किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच वजनाच्या कोरड्या पोह्यांतून सुमारे ३५०. पाणी गेले की पदार्थ टिकतोही, कारण बुरशी आणि जिवाणूंना वाढायला मोकळे पाणी लागते. त्याची उपलब्धता शास्त्रज्ञ ० ते १ या मापावर मोजतात आणि ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. मात्र या दोनच कसोट्या लावल्या तर कच्चे तांदूळ आणि तूरडाळही उत्तीर्ण होतात. डोंगरावर चूल पेटवल्यावर त्यांची अडचण कळते. म्हणून वजन आणि टिकाऊपणाच्याही आधी एक प्रश्न विचारावा: हा पदार्थ वाळण्यापूर्वी शिजला होता का?

कच्च्या तांदळातला स्टार्च घट्ट रचलेल्या कणांत असतो. पाणी आणि उष्णता एकत्र मिळाली की हे कण फुगतात, त्यांची रचना मोडते आणि मग आपले पाचकरस त्यांच्यावर नीट काम करू शकतात. डाळीत पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिनही सुटावे लागते आणि त्याला उकळत्या पाण्यातही बराच वेळ लागतो. त्यात उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळमानाने दर ३०० मीटरमागे १ अंश सेल्सिअसने. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ते ९५ अंशांच्या आसपास उकळते, ४,००० मीटरवर ८७ अंशांच्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजवायची तर शिध्यात वाचवलेले वजन इंधनाच्या रूपाने पुन्हा पाठीवर येते. पोह्यांचे तसे नाही. भात (साळ) भिजवून, उष्णता देऊन मग चेपलेला असतो. त्यामुळे त्यातला बराचसा स्टार्च आधीच फुगून गेलेला असतो आणि चपट्या आकारामुळे पाणी आतपर्यंत लगेच पोचते. चुरमुरे, लाह्या, सातूचे पीठ, मेतकूट यांचेही अवघड काम घरीच किंवा भट्टीवर उरकलेले असते.

यावर पहिला आक्षेप पोषणाचा. नुसत्या पोह्यांवर दिवसभराची चढाई निभणार नाही, हे खरेच. पण मेतकुटात डाळी आणि धान्य एकत्र आल्याने प्रथिनांतली एकमेकांची उणीव भरून निघते. मत्स्याहारी लोकांसाठी बोंबील आहेच; चांगल्या वाळलेल्या बोंबलाचे निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचेच असते. स्निग्ध पदार्थांतून ग्रॅममागे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४; म्हणून भाजलेले शेंगदाणे आणि थोडे तूप हवेच. फक्त शेंगदाणे अख्खे न्यावेत. कूट केले की हवेशी संपर्क वाढतो आणि तेल लवकर खवट होते. दुसरा आक्षेप असा, की गोठवून निर्वात अवस्थेत वाळवलेली तयार पाकिटे याहून सरस आहेत. बर्फाची थेट वाफ होत असल्याने पदार्थ आक्रसत नाही, सच्छिद्र राहतो आणि गरम पाण्यात चटकन पूर्ववत होतो. दीर्घ मोहिमेत त्यांचे मोल मोठे आहे. पण त्याच छिद्रांमुळे तो दमट हवेतला ओलावाही तितक्याच चटकन शोषतो, म्हणून त्याला जाड, हवाबंद वेष्टन लागते. ते महाग पडते आणि त्याचा कचरा मागे उरतो. तीन दिवसांसाठी हा खर्च अनावश्यक आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. वाळवून काढलेले पाणी शेवटी परत घालावेच लागते आणि उन्हाळ्यात गडावरची टाकी आटलेली असतील तर प्रत्येक लिटरमागे १ किलो ओझे वाढते. वाळवलेल्या अन्नाचा फायदा वाटेत पाणी मिळणार असेल तरच पूर्ण मिळतो. नसेल तर दशम्या, चिक्की, खाकरे असे तसेच खाता येणारे पदार्थ अधिक शहाणपणाचे. पातळ पोहे थंड पाण्यातही भिजतात, पण टाक्यातले पाणी आधी उकळून किंवा गाळण यंत्रातून शुद्ध करून घ्यायला हवे. एकदा भिजवलेले अन्न पुन्हा नाशवंत होते; ते उरवून सकाळसाठी ठेवू नये. एवढे सांभाळले, तर ट्रेकचा चांगला शिधा महागड्या दुकानातच मिळतो असे मानण्याचे कारण उरत नाही. वाणसामानाच्या दुकानातला नेमका कोणता डबा उघडायचा, हे वाळण्याआधी काय घडले यावरून ठरवता येते.