वाड्यातला खून आणि खारेपाटणची कौलं

मोठ्ठी हवेली, जेवणाचं लांबलचक टेबल, संशयास्पद बटलर आणि शेवटच्या रिळात ‘खुनी कोण?’ ब्रिटिश मर्डर मिस्टरीचा हा फॉर्म्युला आपल्याला पाठ आहे. १९४९चा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ त्याची मस्त फिरकी घेतो. इथे खुनीच तुरुंगात बसून आपली कहाणी लिहितोय!

या लुईच्या आईनं इटालियन ऑपेरा गायकाशी लग्न केलं, म्हणून ड्यूक घराण्यानं तिला तोडलं. मेल्यावर घराण्याच्या कबरीतही जागा दिली नाही. मग साहेब वंशावळ समोर ठेवतात आणि गादीच्या वाटेतले नातेवाईक एकेक करून खोडत सुटतात. बलूनमधून पत्रकं टाकणाऱ्या लेडी अगाथाला तर चक्क बाण मारून खाली आणतात! आणि कहर म्हणजे घराण्यातले आठ जण एकट्या अ‍ॅलेक गिनेसनं केलेत, लेडी अगाथासकट.

आपल्याकडे हा मसाला २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’नं आणला. आकेरीचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि गोळा झालेलं कुटुंब. सिंधुदुर्गातल्या घराघरात तेव्हा चर्चा एकच. मला मात्र दोन्ही बघताना आमचं खारेपाटणचं घर दिसत होतं.

फरक एवढाच की तिकडे गादी एकालाच मिळते, इकडे हिस्से पडतात. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातले तिघं हयातही नाहीत. इथे लुईची आयडिया चालणार नाही बॉस! एक नाव गेलं की त्याच्या जागी त्याची तीन पोरं येतात.

त्यामुळे आमच्याकडे कुणी कुणाला मारत नाही. मरतं ते घर. पावसाळ्याआधी कौलं परतायची कुणी, पैसे द्यायचे कुणी, यावर फोनाफोनी होते. तोवर मृग लागतो. कौल सरकतं, पाणी वाशात मुरतं, मग वाळवी. काका दरवर्षी ऐकवतात, ‘‘तुमी मुंबैकर गणपतीक येतास, पण कौलां कोण परततलो?’’

सिनेमातली एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. त्या घराण्याची गादी मुलीकडूनही पुढे जाऊ शकते, म्हणून तर लुईचा दावा उभा राहतो. आपल्याकडे २००५च्या कायदादुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील २००५च्या आधी गेले असले तरी तो हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी कौलांच्या चर्चेत आत्याला फोन कोण करतं? सहीची वेळ आली की मात्र ती बरोबर आठवते.

यंदा मे महिन्यात मी पहिला फोन आत्यालाच लावला. म्हणाली, ‘‘हिश्श्याचं राहू दे रे. पण आल्यावर दार उघडायला एक चावी तरी द्याल?’’ कौलांचे तिच्या वाट्याचे पैसे संध्याकाळच्या आत आले. मग बाकीच्यांना लाज वाटली असावी, त्यांचेही आले.

तेव्हा या वीकेंडला सिनेमा बघाच. नंतर महाभूलेखच्या साइटवर आपला सातबारा उघडा, वंशावळ काढा आणि लुईच्या बरोब्बर उलट करा. एकेका नावाला फोन लावा. सुरुवात आत्यापासून!