हलके म्हणजे किती हलके?

वाहन चालविण्याचा परवाना मिळाला म्हणजे हवे ते वाहन चालविता येते, असे नाही. परवान्यावर वाहनाचा वर्ग नोंदलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बिनगिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, हलके मोटार वाहन, परिवहन वाहन, रोडरोलर असे वर्ग आहेत. (स्कूटरही कायद्याच्या भाषेत मोटारसायकलच!)

यातले ‘हलके’ म्हणजे ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे. मोटारगाडीचे किंवा ट्रॅक्टरचे वजन रिकामेपणी धरतात. माल वाहणाऱ्या टेम्पोचे मात्र पूर्ण भारासकट. किलोग्रॅम हे खरे तर वस्तुमानाचे एकक. कायदा त्याला वजन म्हणतो. परीक्षेत तुम्ही म्हणू नका.

वर्ग पाडताना वजनाला एवढे महत्त्व का? समजा, ७,५०० किलोग्रॅमचा भरलेला टेम्पो बोरघाट उतरत आहे. तो १०० मीटर खाली आला की त्याची स्थितिज ऊर्जा ७,५०० × ९.८ × १०० म्हणजे ७३.५ लाख जूल इतकी कमी होते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा दुसरीकडे कुठेतरी गेली पाहिजे. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता झाली असे धरले, तर तेवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे सुमारे २३ लिटर पाणी उकळीला येईल. चालकासह १७० किलोग्रॅमची स्कूटर तेवढीच उतरली तर जेमतेम अर्धा लिटर, म्हणजे चहाचे आधण!

ब्रेक फार तापले की त्यांचे घर्षण कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून जाणता चालक घाटात खालचा गिअर टाकतो. मग चाके इंजिनाला फिरवितात आणि ऊर्जेचा बराच वाटा तिथे खर्ची पडतो. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा हा आधार स्वतःच काढून टाकतो.

हलक्या वाहनाच्या परवान्यावर असा टेम्पो चालविता येतो का, यावर विमा कंपन्यांचे खटले वर्षानुवर्षे चालले. भरलेले वजन ७,५०० किलोग्रॅमच्या आत असेल तर वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांचे नियम मात्र वेगळे आहेत.

आता तुमच्यापुरते. परवान्याचे वय १८. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल, तीही पालकांच्या लेखी संमतीने. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. घरच्या स्कूटरच्या नोंदणीपत्रात इंजिनाची घनक्षमता लिहिलेली असते. तो आकडा आजच पाहा. बहुतेकांना तो शंभराच्या पुढचा आढळेल.