अराता इझुमीचा पासपोर्ट

महापेच्या औद्योगिक वसाहतीतून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं, की पलीकडे घणसोलीच्या अंगाला रिलायन्सचं कॉर्पोरेट पार्क पसरलेलं दिसतं. या पट्ट्याची ओळख रसायनांचे कारखाने आणि नंतर आलेल्या आयटी कंपन्या अशीच आहे. फुटबॉलचं नाव इथे सहसा कोणी घेत नाही. पण रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल प्रबोधिनी नवी मुंबईतच आहे आणि तिथे प्रशिक्षक म्हणून आलेल्या एका माणसाची कारकीर्द मी गेली काही वर्षं कात्रणं जमवून जुळवत आलो आहे. मैदानावर त्याचं नाव अराता इझुमी. भारतीय नाव नीलकंठ खंभोळजा.

या नादाला मला लावलं ते माझ्या भाचीने. ती कॅलिफोर्नियात वाढली, शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. एकदा फोनवर म्हणाली, "मामा, माझ्या टीममधली एक मुलगी फिलिपिनो आहे. ती म्हणते, उद्या चांगली खेळले तर मी फिलिपिन्सकडून खेळेन. मग मी इंडियाकडून खेळू शकते का?" मी सहज "का नाही?" म्हणून गेलो. फोन ठेवल्यावर शोधायला बसलो आणि आपण मुलीला चुकीचं सांगितलं हे कळलं.

तिच्या मैत्रिणीच्या डोळ्यांपुढे काय असेल, हे जिमी अलापाग या खेळाडूवरून समजतं. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत जन्मलेला हा फिलिपिनो आईबापांचा मुलगा. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. बास्केटबॉलच्या जगात ही बुटक्याची उंची, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये त्याला कोण विचारणार? पण फिलिपिन्समध्ये १९७५ पासून आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग चालू आहे आणि आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड, ते तिथे बास्केटबॉलचं. अलापाग २००३ मध्ये तिथे खेळू लागला. त्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित, २०११ मध्ये सर्वोत्तम खेळाडू, पुढे देशाचा कर्णधार. २०१३ मध्ये मनिलात आशियाई स्पर्धेचं रौप्य मिळालं आणि १९७८ नंतर प्रथमच फिलिपिन्सला विश्वचषकाचं दार उघडलं. २०१४ मध्ये स्पेनमध्ये या संघाने सेनेगलला जादा वेळेत हरवलं. विश्वचषकात चाळीस वर्षांनी मिळालेला तो विजय होता. निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक झाला.

फिलिपिन्सने २००३ मध्ये कायदा करून, परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या जन्मजात नागरिकांना मूळ नागरिकत्व परत मिळवण्याची आणि दोन्ही ठेवण्याची मुभा दिली. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील त्याच्या जन्माच्या वेळी फिलिपिनो नागरिक असतील, तर ते मूल जन्मतःच फिलिपिनो. म्हणजे अमेरिकेत वाढलेल्या अशा मुलाला एक कागद वाढवायचा असतो, सोडायचा काहीच नसतो. अर्थात खेळाच्या संघटनेचा काच वेगळा आहेच. जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमाने सोळाव्या वर्षानंतर पासपोर्ट मिळवलेला खेळाडू 'दत्तक' धरला जातो आणि असा एकच खेळाडू संघात चालतो. अमेरिकेच्या एनबीएत नाव कमावलेला जॉर्डन क्लार्कसन याची आई फिलिपिनो वंशाची, तरी तो याच अटीत सापडला. तो खेळला, पण त्या एका जागेवर.

आता आपल्याकडे. संविधानाचं नववं कलम स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय नागरिक मानत नाही आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा तेच पुढे चालवतो. २००५ पासून आपण परदेशस्थांना 'ओसीआय' कार्ड देतो. त्याच्या नावात 'सिटिझन' हा शब्द आहे, त्यामुळे अनेक घरांत गैरसमज आहे, माझ्याही होता. ते कार्ड म्हणजे थोडक्यात आयुष्यभराचा व्हिसा. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने ठरवलं, की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. त्याआधी असं नव्हतं. अमेरिकेत जन्मलेला प्रकाश अमृतराज डेव्हिस कपमध्ये भारताकडून टेनिस खेळलेला आपण पाहिला होता. ते दार बंद झालं.

नेमक्या याच काळात इझुमी महाराष्ट्रात फुटबॉल खेळत होता. १९८२ साली जपानमधल्या शिमोनोसेकीत त्याचा जन्म झाला. वडील गुजराती, आई जपानी. सिंगापूरमध्ये आल्बिरेक्स निगाताकडून खेळून तो २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला आणि तिथून मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये. २००९ पासून पुणे एफसी. बालेवाडीच्या मैदानावर ज्यांनी तेव्हाचे सामने पाहिले असतील त्यांना मधल्या फळीतून चेंडू घेऊन पुढे घुसणारा, अखंड धावणारा हा खेळाडू आठवेल. पण हजेरीपटावर तो 'परदेशी' होता. क्लबला मोजकेच परदेशी खेळाडू ठेवता येत. वडिलांच्या देशात त्यातली एक जागा तो अडवून होता.

मार्च २०१२ मध्ये काठमांडूला एएफसी चॅलेंज कप झाला. भारत तिन्ही सामने हरला. त्यातला एक फिलिपिन्सविरुद्ध, ०-२. दोन्ही गोल फिल यंगहजबंडचे. हा इंग्लंडमध्ये वाढलेला, चेल्सीच्या प्रबोधिनीत शिकलेला, इंग्रज बापाचा आणि फिलिपिनो आईचा मुलगा. बास्केटबॉलमधली युक्ती फिलिपिन्सने फुटबॉलमध्येही वापरली होती आणि तिचा फटका बसला तो आपल्याला. मला या निकालात पराभवापेक्षा विरोधाभास जास्त बोचतो. आपल्याकडेही तसाच एक खेळाडू होता, पुण्यात सराव करत होता, आणि संघात नव्हता.

त्याच वर्षी इझुमीने जपानी नागरिकत्व सोडलं आणि तो भारतीय झाला. इथे अलापागशी तुलना तुटते. जपानही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की जपानचं आपोआप जातं. म्हणजे दोन देशांच्या दोन कायद्यांनी मिळून या माणसाला सांगितलं, की आई आणि बाप यांतला एकच देश निवड. त्याने बापाचा निवडला. वयाची तिशी गाठत आली होती. फुटबॉलमध्ये हे वय उताराचं. भावनेच्या भरात हे पाऊल उचललं असं काही जण लिहितात, मला ते पटत नाही. सहा वर्षं इथल्या मैदानांवर काढलेल्या माणसाला आपण काय देतो आहोत याचा अंदाज नक्कीच होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला. तो सामना भारत २-४ असा हरला. पुढे मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने त्याच्या वाट्याला आले. एवढ्यासाठी जन्माचा देश सोडला का, असा प्रश्न मनात येतो खरा. पण क्लबचा हिशेब वेगळा होता. परदेशी खेळाडूची जागा मोकळी झाली आणि २०१२-१३ च्या मोसमात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या लिलावात कोलकात्याच्या संघाने त्याला ६८ लाखांना घेतलं. भारतीय खेळाडूंच्या त्या लिलावात भारतीय म्हणून उभं राहण्याचा हक्क पासपोर्टनेच दिला होता. पुढे एफसी पुणे सिटी, मग केरळ ब्लास्टर्स, आणि निवृत्ती.

त्याचे महाराष्ट्रातले क्लब मात्र टिकले नाहीत. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ च्या सुमारास आटोपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला, त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याने देश कायमचा धरला, आपल्याला तीन क्लबही धरून ठेवता आले नाहीत.

त्याच्या वाटेने जाणारे फार निघाले नाहीत. इंग्लंडचा मायकेल चोप्रा भारताकडून खेळण्याची इच्छा बोलून दाखवत असे, केरळकडून लीगही खेळला, पण ब्रिटिश पासपोर्ट सोडण्यावर गाडी अडली. २०२५ मध्ये मात्र ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तिथलं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याची आई मुंबईत जन्मलेली. दोघांमध्ये तेरा वर्षांचं अंतर.

दुहेरी नागरिकत्व द्यावं की नाही, हा खेळापुरता प्रश्न नाही हे मला कळतं. फाळणी पाहिलेल्या देशाने या बाबतीत सावध असणं समजण्यासारखं आहे. पण खेळाडूपुरता वेगळा दरवाजा ठेवण्याचा विचार व्हायला हरकत नव्हती. २००८ च्या आधी तो होता आणि त्याने देशाचं काही बिघडल्याचं माझ्या वाचनात नाही.

भाचीला हे सगळं दुसऱ्या फोनवर सांगितलं. आधीचं उत्तर चुकलं होतं हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हणजे त्याला आता त्याच्या आईच्या गावी जायला व्हिसा लागतो?"

"लागतो," मी म्हणालो.