नागासाकीच्या ढगापासून अंधेरीच्या घरापर्यंत

नाशिकजवळचं देवळाली आपल्याला लष्करी छावणीसाठी आणि चांगल्या हवेसाठी माहीत आहे. इंग्रजी भाषेत मात्र हे गाव वेगळ्याच अर्थाने जाऊन बसलं आहे. तिथे ‘डुलाली’ म्हणजे डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. ब्रिटिश काळात मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने काढावे लागत. हाताला काम नाही, उकाडा, हिवताप आणि घरची ओढ. यात कित्येकांचं मन बिघडत असे. अशा सैनिकाला ‘डुलाली टॅप’ झालाय, असं त्याचे सोबती म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपलाच ‘ताप’.

सैनिकाच्या शरीरावरची जखम दिसते, तिचा सन्मान होतो. मनावरची जखम मात्र बराच काळ थट्टेचा विषय राहिली. अशाच एका जखमी मनाची ही गोष्ट आहे. तिची सुरुवात इंग्लंडमध्ये होते, पण तिच्यातली दोन महत्त्वाची ठिकाणं आपल्या मुंबईत आहेत. या माणसाचं नाव लिओनार्ड चेशायर. अंधेरीच्या महाकाली केव्हज रोडवरून गेलेल्यांना ‘चेशायर होम’ ही पाटी आठवेल. ते नाव याच माणसाचं आहे.

शंभर उड्डाणं

लिओनार्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा. वडील कायद्याचे नामवंत अभ्यासक होते. मुलगाही ऑक्सफर्डला कायदा शिकला. वेगवान गाड्या, पार्ट्या आणि उधारी यांतच त्याचं कॉलेजजीवन गेलं. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हा तरुण ब्रिटिश वायुदलात बॉम्बफेकी विमानांचा वैमानिक झाला.

हे काम किती जीवघेणं होतं, हे एका आकड्यावरून कळतं. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १ लाख २५ हजार जणांनी विमानातून कामगिरी केली. त्यातले ५५ हजारांहून अधिक मारले गेले. रात्री सोबत जेवलेला मित्र सकाळी नाश्त्याला नसे. चेशायर यांनी अशी शंभर उड्डाणं केली. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोज शहरातल्या एका कारखान्यावर हल्ला करायचा होता. आत रात्रपाळीच्या फ्रेंच कामगार स्त्रिया होत्या. चेशायर यांनी बॉम्ब टाकण्याआधी आपलं विमान कारखान्याच्या छपराजवळून पुन्हा पुन्हा नेलं, जेणेकरून त्या सावध होऊन बाहेर पळतील. त्याच वर्षी त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान जाहीर झाला. कुठल्या एका पराक्रमासाठी नव्हे, तर चार वर्षं टिकवलेल्या धैर्यासाठी.

या शूर माणसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळात जो वैमानिक घाबरून उड्डाणाला नकार देई, त्याच्या कागदपत्रांवर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शेरा मारला जाई. अधिकारी म्हणून चेशायर अशा जवानांशी कठोरपणे वागत. एकाची भीती सगळ्या तुकडीत पसरेल, म्हणून ते त्याला लगेच बाहेर पाठवत. पुढे त्यांनी स्वतःच हे मोकळेपणाने सांगितलं. मन कुणाचंही मोडू शकतं, हे कळायची त्यांची स्वतःची वेळ अजून यायची होती.

९ ऑगस्ट १९४५

नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ब्रिटनतर्फे दोन निरीक्षक अमेरिकन विमानात होते. एक शास्त्रज्ञ विल्यम पेनी आणि दुसरे चेशायर. त्यांचं विमान ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोचू शकलं नाही, त्यामुळे स्फोटाच्या क्षणी ते बरेच मैल दूर होते. तरीही त्यांनी झगझगीत उजेड पाहिला आणि आकाशात चढत जाणारा तो ढग पाहिला. ते वर्ष संपेपर्यंत त्या एका बॉम्बने सुमारे ७० हजार माणसांचा बळी घेतला होता.

चेशायर यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. बॉम्ब पाहून त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते धर्माकडे वळले, अशी. ऐकायला ती छान वाटते, पण ती खरी नाही. त्या बॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं आणि आणखी जीव वाचले, असंच ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. हे मत आपल्याला पटो न पटो, त्यांनी ते लपवलं नाही. त्यांना छळणारा प्रश्न वेगळा होता. युद्ध जिंकण्यासाठी माणसं जर एवढी बुद्धी, पैसा आणि जीव पणाला लावू शकतात, तर शांततेसाठी ती काय करणार? इतके मित्र गेल्यावर आपण जगलो, ते कशासाठी?

या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि शरीर-मन दोन्ही थकलं होतं. १९४६ च्या सुरुवातीला मानसिक आजाराच्या कारणावरून ते वायुदलातून निवृत्त झाले. वय अवघं २८. छातीवर देशातलं सर्वांत मोठं पदक आणि मन थाऱ्यावर नाही. युद्धाच्या काळात एका अमेरिकन अभिनेत्रीशी केलेलं लग्नही टिकलं नाही.

मोठी योजना कोसळली

माणूस आतून रिकामा झाला की बाहेर काहीतरी मोठं उभारायला धावतो. चेशायर यांनीही तेच केलं. युद्धातून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी एकत्र राहावं, शेती करावी, एकमेकांना आधार द्यावा, अशी वसाहत त्यांनी सुरू केली. हॅम्पशायर परगण्यातलं ‘ले कोर्ट’ नावाचं मोठं जुनं घर त्यांनी आपल्या मावशीकडून घेतलं. कल्पना चांगली होती, पण भांडणं झाली, कर्ज वाढलं. मध्ये तब्येत ढासळल्याने चेशायर विश्रांतीसाठी कॅनडाला गेले होते. परत आले तेव्हा वसाहत बुडण्याच्या बेतात होती. एकेक करून सगळे निघून गेले. उरलं ते मोठं रिकामं घर, डोक्यावर कर्ज आणि एकटे चेशायर.

श्रद्धेचं बी मात्र त्याआधीच पडलं होतं. १९४५ मध्ये लंडनच्या एका बारमध्ये मित्रमंडळींत देवाचा विषय निघाला. देव म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी, बाकी काही नाही, असं चेशायर ऐटीत म्हणाले. त्यावर तिथल्या एका बाईने त्यांना सरळ खोडून काढलं. देव ही कल्पना नाही, तो कुणीतरी आहे, त्याच्याशी नातं जोडता येतं, असं तिचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे चेशायर यांना ते ऐकताक्षणी पटलं. पण पटणं आणि जगणं यांत तीन वर्षांचं अंतर राहिलं.

आर्थर डाइक्स

१९४८ मध्ये चेशायर यांना एका रुग्णालयातून निरोप आला. त्यांच्या वसाहतीत पूर्वी डुकरं सांभाळायचं काम करणारा आर्थर डाइक्स तिथे दाखल होता. तोही वायुदलातला जुना माणूस. त्याला कर्करोग होता, बरं होण्याची आशा नव्हती, रुग्णालयाला खाट हवी होती आणि त्याला न्यायला घरचं कुणी नव्हतं. तुम्ही काही सोय करू शकाल का, अशी विचारणा होती.

चेशायर यांनी सोय शोधली, पण मिळाली नाही. आर्थरला त्याच्या आजाराचं सत्यही कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं अवघड काम चेशायर यांनीच केलं. मग त्याला ते ले कोर्टला घेऊन आले.

शंभर वेळा शत्रूच्या प्रदेशात घुसलेल्या या माणसाला रुग्णाची चादर कशी बदलायची, हे ठाऊक नव्हतं. ते सगळं त्यांना शिकावं लागलं. आर्थरला अंघोळ घालणं, मलमूत्राची भांडी धुणं, कपडे धुणं, स्वयंपाक आणि रात्री उशाशी बसणं. आर्थर जन्माने कॅथलिक होता, पण कित्येक वर्षं चर्चपासून दूर गेलेला. शेवटच्या दिवसांत तो पुन्हा प्रार्थनेकडे वळला. मृत्यू समोर दिसत असताना हा साधा माणूस शांत होत गेला आणि ते चेशायर रोज जवळून पाहत होते.

ऑगस्ट १९४८ मध्ये आर्थर गेला. त्या रात्री मृतदेहाशेजारी बसून चेशायर यांनी एक पुस्तक वाचायला घेतलं. ‘वन लॉर्ड, वन फेथ’ हे व्हर्नन जॉन्सन या धर्मगुरूने आपल्या श्रद्धेच्या प्रवासावर लिहिलेलं पुस्तक. तीन वर्षं घोळत असलेला विचार तिथे पक्का झाला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, त्यांनी कॅथलिक पंथात प्रवेश केला.

वरोऱ्याच्या आनंदवनाची कहाणी माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. बाबा आमटे यांच्या आयुष्यातही तुळशीराम नावाचा एक मरणासन्न कुष्ठरोगी आला. त्याला पाहून आधी ते भीतीने पळाले आणि मग परत फिरले. दोघांचे देश वेगळे, श्रद्धा वेगळ्या. पण दोघांच्याही कामाची सुरुवात एकाच माणसाची सेवा करण्यातून झाली.

बरं होणं म्हणजे काय?

आर्थर जिवंत असतानाच एका वृद्ध आजारी स्त्रीला ठेवून घ्याल का, अशी विचारणा आली होती. मग आणखी एक आणि आणखी एक. वर्षभरात ले कोर्टमध्ये दोन डझनांच्या आसपास रुग्ण झाले. ज्यांना रुग्णालय ठेवून घेत नव्हतं आणि ज्यांना घर नव्हतं, अशी ही माणसं. जी वसाहत मोठ्या योजनेने उभी राहिली नाही, ती गरजेपोटी आपोआप उभी राहिली.

यात चेशायर यांचं मन कसं सावरलं? प्रार्थनेत बसले आणि एका दिवसात बरे झाले, असं काही घडलं नाही. रोजच्या कामाने त्यांना पुन्हा शिस्त दिली. कुणालातरी आपली गरज आहे, या जाणिवेने जगण्याला कारण दिलं. श्रद्धेने ‘मी का वाचलो?’ या प्रश्नाला दिशा दिली. आपण वाचलो ते यांच्यासाठी, असं त्यांना म्हणता येऊ लागलं.

परीक्षा मात्र संपली नव्हती. १९५२ मध्ये त्यांना क्षयरोग झाला. दोन वर्षांहून अधिक काळ ते रुग्णालयात होते, मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. काही वर्षांपूर्वी ते विश्रांतीला गेले तेव्हा वसाहत कोसळली होती. या वेळी ते खाटेवर असताना काम चालूच राहिलं, नवी घरंही सुरू झाली. आता ते एकट्याचं काम राहिलं नव्हतं.

अंधेरी आणि कुलाबा

आजारातून उठल्यावर चेशायर भारतात आले. १९५५-५६ च्या सुमारास मुंबईत अंधेरीला त्यांनी भारतातलं पहिलं घर सुरू केलं, ‘बेथलेहेम हाउस’. आज वर्दळीने गजबजलेला हा भाग तेव्हा झाडाझुडपांचा होता. पुढे देशातल्या इतर शहरांतही अशी घरं उभी राहिली. ती चालवली स्थानिक लोकांनी. एक गोष्ट त्यांनी पहिल्यापासून पाळली, घरात येणाऱ्याला त्याचा धर्म विचारायचा नाही. ज्या श्रद्धेने त्यांना स्वतःला सावरलं, ती त्यांनी कुणावर लादली नाही.

त्यांचं दुसरं लग्नही मुंबईतच झालं. ५ एप्रिल १९५९ रोजी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये त्यांनी स्यू रायडर यांच्याशी विवाह केला. स्यू यांनी युद्धात पोलंडच्या गुप्त कामगिरीवर जाणाऱ्या जवानांसोबत काम केलं होतं आणि युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांची सेवा हाती घेतली होती. युद्धाने पोळलेली ही दोन माणसं. त्याच वर्षी दोघांनी डेहराडूनला ‘राफेल’ ही संस्था सुरू केली. कुष्ठरोगी, क्षयरोगी आणि मतिमंद मुलांसाठीचं तिचं काम पुढे वाढत गेलं.

अखेरच्या काळात चेशायर यांना मोटर न्यूरॉन हा आजार झाला. स्नायू एकेक करून निकामी होत गेले. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचलं, त्यांच्यासारखेच आता तेही चाकाच्या खुर्चीत होते. ३१ जुलै १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या घरात सैनिक असेल तर

सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी घरं आहेत. निवृत्त होऊन आलेले बाबा किंवा काका रात्री दचकून उठतात, फटाक्यांच्या आवाजाने अस्वस्थ होतात, क्षुल्लक कारणावरून भडकतात किंवा कुणाशी बोलतच नाहीत. ‘फौजी आहेत, स्वभावच कडक’ म्हणून आपण ते सोडून देतो. पण तो स्वभाव नसून जखम असू शकते. आघातानंतरच्या या मनोविकाराला वैद्यकशास्त्राने १९८० मध्ये अधिकृत नाव दिलं. म्हणजे चेशायर आजारी पडले, तेव्हा त्याला नीट नावही नव्हतं. आज नाव आहे आणि उपचारही आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

मग श्रद्धेची जागा कुठे? चर्चमधली प्रार्थना असो, वारी असो की घरातला हरिपाठ, तिने औषध बंद करायचं नसतं. तिने माणसाला माणसांत परत आणायचं असतं. चेशायर यांनी विश्रांती घेतली, उपचार घेतले, शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि प्रार्थनाही केली. त्यांना यातलं काहीच पुरेसं वाटत नव्हतं, तेव्हा कुणीतरी त्यांच्याकडे मदत मागितली आणि त्यांनी हो म्हटलं.

घरातल्या त्या अबोल फौजी माणसालाही कधीतरी काही मागून पाहा. नातवाला सायकल शिकवायची आहे, शेजारच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं आहे, गावातल्या मुलांना भरतीसाठी धावायला शिकवायचं आहे. ‘तुम्ही आराम करा’ हे आपण त्यांना रोज सांगतो. ‘आम्हाला तुमची गरज आहे’ हे मात्र सांगायचं राहून जातं.