मंजुरीचा अखत्यार

एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या शताब्दी-ग्रंथाचा मसुदा जेव्हा कार्यकारिणीच्या सर्व सभासदांपुढे एकाच वेळी उघडा होतो, तेव्हा मसुद्याइतकेच ते सभासदही वाचण्याजोगे ठरतात. अशा एका ग्रंथाच्या संपादनात मदतनीस म्हणून वावरताना मला हे वाचन भरपूर घडले. चिटणीस पुण्यात, माजी अध्यक्ष नाशकास आणि परिशिष्टे सांभाळणाऱ्या बाई मुलाकडे न्यू जर्सीत, अशी पांगापांग असल्याने कागदांचे गठ्ठे हिंडविण्यापेक्षा मजकूर गूगल डॉक्समध्ये ठेवणे सोयीचे होते, याविषयी कोणाचाच मतभेद नव्हता. मतभेद उत्पन्न झाला तो पुढे. लिहावयाचे सर्वांनी, हे कबूल. पण लिहिलेले कायम कोणी करावयाचे?

या व्यवस्थेत दस्तऐवजाचा एक मालक असतो आणि त्याच्याखाली तीन पायऱ्या: केवळ वाचणारा, शेरा मारणारा आणि संपादन करणारा. शेरा मारणाऱ्याने मजकुरात काही टंकले तर ते थेट न मिसळता, सूचना म्हणून रंगीत अक्षरांत उभे राहते, वगळावयाच्या शब्दांवर आडवी काट पडते, आणि समासात एक चौकट उघडून तीत सुचविणाऱ्याचे नाव, वेळ, तसेच मंजुरीची खूण आणि नामंजुरीची फुली दिसू लागते. २०१४ साली आलेली ही सोय हस्तलिखितावर दुसऱ्या शाईने फिरणाऱ्या संपादकाचा मान राखणारी आहे, यात शंका नाही. परंतु ती खूण दाबण्याचा अखत्यार संपादन-हक्क असलेल्या प्रत्येकाला आहे, आणि सारी मेख तेथेच आहे. ‘हवे ते लिहा, पण मंजूर करू नका’ अशी मधली पायरी येथे नाही. ज्याला थेट लिहिता येते त्याला दुसऱ्याची सूचना मंजूर करता येते, इतकेच काय, स्वतःची सूचनाही स्वतःच मंजूर करता येते, आणि मनात आले तर सूचनेचा खटाटोप न करता मजकूरच बदलता येतो.

आरंभी सौजन्यापोटी सर्वांनाच संपादक केले होते. परिणाम असा की, इमारत-निधीच्या परिच्छेदात माजी अध्यक्षांनी आपल्या कारकीर्दीस जोडलेली दोन विशेषणे चिटणिसांनी रात्री काढावीत, सकाळी ती पुन्हा प्रकट व्हावीत, आणि दुपारी तिसऱ्याच कोणी दोन्ही बाजूंच्या सूचना, केवळ समास स्वच्छ दिसावा म्हणून, एकदम मंजूर करून टाकाव्यात. त्यात कोणीतरी मसुद्याचा दुवा ‘ज्याच्याकडे असेल त्याला मुभा’ अशा रीतीने खुला ठेवला होता. आपल्या नावाने प्रवेश न करता येणाऱ्यांना ही व्यवस्था निनावी प्राण्यांची नावे देते, म्हणून देणगीदारांच्या यादीत एके दिवशी कोणी ‘निनावी कॅपिबारा’ वावरताना आढळला. त्याने काय केले हे शोधून काढता आले, कारण आवृत्त्यांचा इतिहास हे दफ्तर मोठे चोख असते. मात्र ते पाहण्याची परवानगीही संपादकांनाच असते; निव्वळ शेरेवाल्याला मागे काय घडले ते तेथून समजत नाही.

खरी कसोटी लागली ती अनुस्वारांपाशी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, तेव्हापासून ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरील टिंबे गेली. पण ग्रंथात उद्धृत केलेली जुनी इतिवृत्ते त्यापूर्वीची, आणि ती मूळ लेखनातच ठेवण्याचे ठरले होते. एका तरुण सभासदाने मोठ्या निष्ठेने ती सारी टिंबे वगळण्याची सूचना केली. टिंबाला स्वतःची रुंदी नसल्यामुळे त्याच्यावर मारलेली काट डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. समासात मात्र चौकटींची रांग लागते आणि प्रत्येकीत ‘काढून टाका’ एवढेच शब्द व एक टिंब. अशा वेळी सर्व सूचना एका झटक्यात स्वीकारण्याचे बटण हाताशी असणे हा फार मोठा मोह आहे. मंजुरी देणाऱ्याचे खरे काम बोटाचे नसून सबुरीचे आहे, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

अखेर संपादकपद एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे सोपविण्यात आले आणि बाकी सर्वांना शेऱ्याच्या पायरीवर आणले गेले. चिटणीस रुष्ट झाले. “बाई, मी तहहयात सभासद, आणि मला नुसता शेरा मारायचा हक्क?” यावर बाईंनी शांतपणे सांगितले, “अण्णा, तुमचा एकही शब्द अडणार नाही. फक्त तो माझ्या टेबलावरून जाईल.” हे बोलणे दिसते तितके सौम्य नव्हते, कारण टेबलावरून जाणे म्हणजे प्रसंगी टेबलावरच राहणेही असते, पण बाईंनी एक पथ्य कसोशीने पाळले. नामंजुरीची फुली मारण्यापूर्वी त्या चौकटीतच कारण लिहीत, आणि संशयास्पद मजकूर पुरावा येईपर्यंत तहकूब ठेवीत.

प्रकरणवार अधिकार वाटून देण्याचा विचारही झाला होता. परंतु तक्त्यांच्या फायलीत ठराविक रकाने जसे संरक्षित करता येतात, तसे डॉक्समध्ये परिच्छेद करता येत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रकरणाची फाईल स्वतंत्र करावी लागली असती. लिहिणे आणि मंजूर करणे यांची विभागणी मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये अधिक सरळ आहे: तेथे संपादनावर निर्बंध घालून असे करता येते की, प्रत्येकाचा बदल नोंदला जाईलच आणि परवलीचा शब्द जाणणाऱ्यानेच निर्बंध उठवून तो स्वीकारावा वा नाकारावा. ही किल्ली फार भक्कम समजू नये; सारा मजकूर नव्या फायलीत उचलून नेणाऱ्याला ती अडवीत नाही, आणि बदलापुढे दिसणारे नावही ज्याच्या त्याच्या सेटिंगमधून आलेले असते. शिवकालीन पत्रांत मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उमटवीत, ती पुढे कोणी अक्षर वाढवू नये म्हणून. कागदाचे बंद एकमेकांस डकविले असतील तर सांध्यांवरही पाठीमागून शिक्के करीत. सांध्यातून घुसणाऱ्या हाताची धास्ती त्या दफ्तरदारांना आपल्यापेक्षा अधिक होती, असे म्हणावे लागते.

मसुदा ठरल्यावर मालकाने सर्वांना वाचकाच्या पायरीवर उतरविले, आणि मजकूर डीटीपी करणाऱ्या मुलाकडे गेला. त्याने युनिकोडमधला मजकूर छपाईच्या जुन्या फाँटात उतरविला, कागदी प्रुफे निघाली, आणि आजवर समासात कोंडून ठेवलेले सारे सभासद लाल शाईची पेने घेऊन पुन्हा मोकळे झाले. माजी अध्यक्षांची दोन्ही विशेषणे पृष्ठाच्या कडेला अवतरली. बाईंनी ताबडतोब लेखी हुकूम काढला की, माझी आद्याक्षरे नसलेली कोणतीही दुरुस्ती घेऊ नये. तो मुलगा संगणकावरून मान न उचलता म्हणाला, “बाई, मी आधीपासून तुमचीच सही बघतोय. बाकीच्यांचं लाल मी वाचतसुद्धा नाही.”